नव्या वर्षातल्या गेमची तारीख कशी वाचायची, आणि तोवर तयारी काय करायची

डिसेंबर उजाडला की पुढच्या वर्षी येणाऱ्या गेमच्या याद्या फिरू लागतात. वीस-पंचवीस नावं असतात. एखाद्या नावापुढे दिवस-महिन्यासकट तारीख असते, एखाद्यापुढे ‘वसंत ऋतू’, तर एखाद्यापुढे नुसतं साल. यादीत सगळी नावं एका ओळीत बसलेली असली तरी त्यांच्या पक्केपणात जमीन-अस्मानाचा फरक असतो. तारीख कोणत्या शब्दांत दिली आहे, यावरून गेम तयार होण्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे याचा बराच अंदाज बांधता येतो. तो बांधता आला की वाट कशाची पाहायची, पैसे कधी मोजायचे आणि कॉम्प्युटरमधलं कोणतं काम आधी उरकून ठेवायचं, हे ठरवणं सोपं जातं.

नुसतं साल, तिमाही आणि खरी तारीख

नुसतं साल दिलेलं असेल तर समजायचं की ही कंपनीची इच्छा आहे. ‘प्राग्माटा’ हा गेम जून २०२० मध्ये २०२२ सालासाठी जाहीर झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो २०२३ वर गेला, जून २०२३ मध्ये साल काढूनच टाकलं आणि जून २०२५ मध्ये पुन्हा २०२६ असं जाहीर झालं. ‘मेट्रॉइड प्राइम ४’ची गोष्ट याहून लांबलचक. जून २०१७ मध्ये निन्टेन्डोने त्याचा फक्त लोगो दाखवला. जानेवारी २०१९ मध्ये आतापर्यंतचं काम मनासारखं झालेलं नाही, रेट्रो स्टुडिओज या चमूकडे देऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतोय, असं कंपनीनेच सांगितलं. गेम हातात आला ४ डिसेंबर २०२५ ला.

ऋतूंची नावं असतील तर ती उत्तर गोलार्धाची धरायची. ‘स्प्रिंग’ म्हणजे साधारण मार्च ते मे, ‘फॉल’ म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर आणि ‘हॉलिडे’ म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘लवकरच’ या शब्दाला तर काहीच किंमत देऊ नये. दुकानाच्या पानावर ३१ डिसेंबर ही तारीख दिसली तर ती बहुतेक वेळा रकाना रिकामा सोडता येत नाही म्हणून भरलेली असते.

तिमाहीचा उल्लेख असेल तर एक गोष्ट तपासून घ्यावी: कॅलेंडरची तिमाही की आर्थिक वर्षाची? सोनी, निन्टेन्डो, कॅपकॉम, ईए, टेक-टू या सगळ्यांचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. त्यामुळे गुंतवणूकदारांसाठीच्या कागदात ‘चौथी तिमाही’ लिहिलं असेल तर ती जानेवारी ते मार्च. फेब्रुवारी-मार्चमध्ये मोठ्या गेमची एवढी गर्दी का होते, याचं एक कारणही हेच. त्या वर्षाच्या हिशेबात विक्री धरायची असते. म्हणूनच मार्चअखेरची तारीख चुकली की गेम एप्रिल-मेमध्ये येतो किंवा थेट शरद ऋतूत ढकलला जातो.

तारीख पूर्ण असली तरी ती कोणत्या मशिनची आहे, हे बघायला विसरू नये. रॉकस्टार या कंपनीचा ‘जीटीए ६’ आधी २०२५ साली येणार होता, मग मे २०२५ मध्ये तो २६ मे २०२६ वर गेला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये १९ नोव्हेंबर २०२६ वर. या तिन्ही घोषणा प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस यांच्याबद्दलच होत्या. पीसीचं नाव त्यात नव्हतं. याच कंपनीचा ‘जीटीए ५’ कन्सोलवर, म्हणजे प्लेस्टेशन-एक्सबॉक्ससारख्या मशिनवर, सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये, म्हणजे एकोणीस महिन्यांनी. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’च्या वेळी हे अंतर वर्षभराचं होतं. पीसीवर खेळणाऱ्याने अशा गेमसाठी नवं ग्राफिक्स कार्ड आत्ताच घेऊन ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

सगळ्यात विश्वासाची तारीख ती, जी उशिरा जाहीर होते. ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झाला आणि पुढची काही वर्षं चाहत्यांना जवळपास काहीच कळलं नाही. २१ ऑगस्ट २०२५ ला तारीख जाहीर झाली आणि ४ सप्टेंबरला गेम आला. मध्ये फक्त चौदा दिवस. लहान चमूंना हे परवडतं. मोठ्या कंपनीला जाहिरातीची जागा महिनोन् महिने आधी घ्यावी लागते, डिस्क छापून दुकानांत पोचवाव्या लागतात, म्हणून तिला तारीख आधीच बोलावी लागते. ती मग चुकते.

ट्रेलरच्या तळाची बारीक अक्षरं

ट्रेलर पाहताना नजर चित्रावर असते, पण खरी माहिती तळाशी असते. तिथे बारीक अक्षरांत ते दृश्य कुठून घेतलंय ते अनेकदा लिहिलेलं असतं. पूर्वरचित ॲनिमेशन असेल तर तो लघुपट समजावा. गेमचा त्यातला एकही भाग अजून बनलेला नसू शकतो. ‘इन-इंजिन’ म्हणजे गेमच्याच इंजिनात (गेम चालवणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) तयार केलेलं दृश्य, पण कॅमेरा, प्रकाश आणि हालचाली हाताने रचलेल्या. खेळाडूच्या हातात कंट्रोलर नसतो. ‘गेमप्ले’ लिहिलं असेल आणि पडद्यावर आरोग्याची पट्टी, नकाशा, गोळ्यांचा आकडा दिसत असेल, कॅमेरा खेळाडूच्या हाताबरोबर जरा वेडावाकडा फिरत असेल, तर काम बरंच पुढे गेलेलं आहे. दृश्य पीसीवर घेतलंय की कन्सोलवर, तेही वाचावं. भारी पीसीवरचं चित्र पाहून कन्सोलवर तेवढीच अपेक्षा धरली की निराशा ठरलेली.

‘द एल्डर स्क्रोल्स ६’चा छोटा टीझर जून २०१८ मध्ये आला: डोंगर, संगीत आणि नाव. असा टीझर म्हणजे ‘हा गेम आम्ही करणार आहोत’ एवढंच सांगणं. त्याची वाट जरूर पाहावी, पण येत्या वर्षाच्या यादीत त्याला जागा देऊ नये.

तारीख का चुकते

गेम बनताना आधी एक छोटासा तुकडा पूर्ण सजवून बनवतात. दहा-वीस मिनिटांचा, पण त्यात सगळं असतं. तो जमला की त्याच दर्जाचं बाकीचं जग उभं करण्याचं काम सुरू होतं, आणि वर्षं जातात ती इथे. मग येतो अल्फा: गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळता येतो, पण ठिकठिकाणी कच्चा असतो. बीटामध्ये नवीन काही घालणं थांबतं आणि फक्त चुका काढणं चालू राहतं.

तारखा बहुतेक या शेवटच्या टप्प्यात घसरतात, आणि त्यामागे साधं गणित आहे. गेममध्ये दहा ठिकाणी होय-नाही असे निर्णय असतील तर १,०२४ वाटा तयार होतात. असे वीस निर्णय असले की वाटा दहा लाखांच्या वर जातात. एखाद्या दुकानदाराशी बोलण्याआधीच खेळाडूने त्याला मारलं, मग तिथेच सेव्ह केलं, गेम बंद करून पुन्हा उघडला, तर त्या दुकानदाराकडून मिळणारी किल्ली कुठून मिळणार? हे दुरुस्त करताना दुसऱ्याच कुठल्या तरी मोहिमेचा दरवाजा उघडेनासा होतो. काम किती उरलंय हे या टप्प्यात कोणालाच नेमकं सांगता येत नाही, कारण पुढची चूक अजून सापडलेलीच नसते.

त्यानंतर कन्सोलवाल्यांची परीक्षा. सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो प्रत्येक गेम विक्रीला ठेवण्याआधी स्वतःच्या नियमांवर तपासून घेतात. गेम रंजक आहे का, हे त्यात पाहत नाहीत. खेळता खेळता कंट्रोलरची बॅटरी संपली तर गेम थांबून तसा संदेश येतो का? सेव्ह करताना जागा संपली तर जुनी सेव्ह शाबूत राहते का? मशिन झोपवून पुन्हा जागं केलं की गेम जिथल्या तिथे चालू होतो का? असल्या शेकडो गोष्टी. नापास झालं की चुकांची यादी हातात येते, दुरुस्ती करून पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं.

सगळं पार पडलं की ‘गेम गोल्ड झाला’ असं जाहीर करतात. डिस्क छापण्यासाठी मूळ प्रत तयार झाली, एवढाच त्याचा अर्थ. पूर्वी ही खरोखरच शेवटची रेषा होती. आता डिस्क छापून दुकानात पोचेपर्यंत चमू पहिल्या दिवसाच्या पॅचवर (डाऊनलोड करायच्या दुरुस्तीवर) काम करत राहतो, त्यामुळे छापलेली प्रत आणि खेळायची प्रत यांत बराच फरक पडतो.

‘सायबरपंक २०७७’मध्ये हे सगळं एकाच गेममध्ये बघायला मिळालं. १६ एप्रिल २०२० ही पहिली तारीख, मग १७ सप्टेंबर, मग १९ नोव्हेंबर. ५ ऑक्टोबरला गेम गोल्ड झाल्याचं सांगितलं, आणि २७ ऑक्टोबरला पुन्हा तारीख बदलून १० डिसेंबर केली. वेगवेगळ्या मशिनसाठी नऊ आवृत्त्या एकाच वेळी तपासाव्या लागत आहेत, हे कारण चमूने दिलं होतं. बाहेर येण्याआधी समीक्षकांना फक्त पीसीची प्रत मिळाली होती; जुन्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर गेम कसा चालतो, हे लोकांना विकत घेतल्यावरच कळलं. आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि जून २०२१ मध्ये परत ठेवला. सप्टेंबर २०२३ मधल्या २.० अपडेटनंतर तोच गेम मनापासून शिफारस करावा असा झाला. तारीख पुढे गेली की चाहते चिडतात. पण पुढे गेलेली तारीख काही महिन्यांत विसरली जाते. कच्चा आलेला गेम सुधारायला मात्र वर्षं लागतात.

आपला पीसी पुरेल का

गेमला कसा पीसी लागेल याच्या तक्त्यातले किमान आणि शिफारस असे दोन रकाने पाहून लोक फक्त ग्राफिक्स कार्डाचं नाव जुळवतात. खरं वाचायचं असतं ते त्याखाली: किती रिझोल्यूशन (चित्र किती बारीक ठिपक्यांचं), सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) आणि कशाच्या मदतीने.

‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’चा तक्ता या बाबतीत डोळे उघडणारा होता. शिफारशीच्या रकान्यात १०८० पी आणि ६० फ्रेम लिहिलं होतं, पण पुढे ‘फ्रेम जनरेशन चालू ठेवून’ असं होतं. किमान रकान्यात १०८० पी होतं, तेही ७२० पी चित्र मोठं करून आणि ३० फ्रेमवर. फ्रेम जनरेशन म्हणजे दोन खऱ्या फ्रेमच्या मधे कार्ड स्वतः एक फ्रेम बनवून घालतं. डोळ्याला हालचाल गुळगुळीत दिसते. पण बटण दाबल्याचा परिणाम खऱ्या फ्रेममध्येच उमटतो. ६० फ्रेमवर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० वर ३३.३. पाया ३० चा असेल तर पडद्यावर ६० दिसूनही हाताला ३० पेक्षाही जडच वाटतं, कारण मधली फ्रेम बनवण्यासाठी पुढची खरी फ्रेम थोडी अडवून ठेवावी लागते. म्हणून फ्रेम जनरेशन सुरू करण्याआधी पाया ६० च्या आसपास असावा. तक्त्यात हे शब्द दिसले की शिफारशीचा रकाना स्वतःसाठी किमान समजावा. या गेमने बाहेर येण्याआधी मोफत बेंचमार्कही, म्हणजे आपल्या पीसीवर गेम कसा चालेल ते मोजणारा प्रोग्राम, दिला होता. अशी सोय असेल तर तक्त्यापेक्षा तिच्यावर विश्वास ठेवावा.

दुसरा अडथळा ताकदीचा नसून क्षमतेचा असतो. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि ‘डूम: द डार्क एजेस’ या गेमना कार्डातच रे ट्रेसिंगची (प्रकाशाचे किरण मोजून चित्र रंगवण्याची) सोय लागते. जीटीएक्स १०८० टीआय हे एकेकाळचं सर्वांत तगडं कार्ड, पण ही सोय त्यात नाही, आणि सेटिंग कितीही खाली आणली तरी ती येत नाही. एसएसडी या वेगवान डिस्कचंही तसंच. तक्त्यात ती आवश्यक म्हटलेली असेल आणि तरी गेम जुन्या हार्ड डिस्कवर ठेवला, तर पळताना पुढचा रस्ता वेळेत उमटत नाही, पात्रांचा आवाज ओठांच्या मागे राहतो.

आणखी एक गोष्ट, जी अगदी पहिल्या दिवशी नडते: सिक्युअर बूट, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना फक्त खात्रीचे प्रोग्राम चालू देणारी सोय. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ‘बॅटलफील्ड ६’ला ते चालू असावं लागतं, नाहीतर गेम उघडतच नाही. फसवणूक करणारे प्रोग्राम विंडोजच्याही आधी सुरू होऊन लपू नयेत, यासाठी ही अट आहे, आणि ऑनलाइन स्पर्धेच्या गेममध्ये ती यापुढेही दिसेल. तपासायला मिनिटही लागत नाही. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, ‘एमएसइन्फो३२’ इंग्रजीत टाइप करून एंटर करा. उघडलेल्या खिडकीत दोन ओळी शोधा: बायोस मोड आणि सिक्युअर बूट स्टेट. पहिल्या ओळीत ‘यूईएफआय’ आणि दुसरीत ‘ऑफ’ असेल तर काम सोपं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट चालू करायचं. पहिल्या ओळीत ‘लेगसी’ असेल तर घाई करू नका. याचा अर्थ डिस्कची मांडणी बहुधा जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. अशा वेळी बायोसमध्ये थेट यूईएफआय केलं की विंडोज सुरूच होत नाही. आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढायची, मग विंडोजमधल्याच ‘एमबीआर२जीपीटी’ साधनाने आधी नुसती तपासणी करायची, ती पास झाली तर नव्या जीपीटी मांडणीत रूपांतर करायचं, आणि त्यानंतरच बायोसला हात लावायचा. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर रिकव्हरी की आधी लिहून घ्या. बायोस बदलल्यावर ती विचारली जाऊ शकते. हे काम गेम येण्याच्या रात्री करायचं नाही. एखादी निवांत सुट्टी बघून करायचं.

पैसे कधी मोजायचे

डिजिटल प्रत संपत नाही. त्यामुळे महिनोन् महिने आधी पैसे भरणं म्हणजे गुडघ्याला बाशिंग बांधून बसणं. बोनस म्हणून एखादा पोशाख किंवा तलवार मिळते, ती तीन-चार तासांत मागे पडते. मर्यादित डिस्क आवृत्ती हवी असेल तर गोष्ट वेगळी, ती खरंच संपते.

तरीही आधी घ्यायचा असेल तर परताव्याचे नियम पाठ हवेत. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात आधी घेतलेला गेम बाहेर येईपर्यंत केव्हाही परत करता येतो. आल्यानंतर चौदा दिवसांच्या आत आणि खेळण्याचे दोन तास पूर्ण होण्याआधी. महागडी आवृत्ती घेऊन काही दिवस आधी खेळता येत असेल तर तो वेळही या दोन तासांत मोजला जातो. हा बदल एप्रिल २०२४ मध्ये झाला. प्लेस्टेशनच्या दुकानात डाऊनलोड सुरू झालं की सहसा परतावा मिळत नाही, म्हणून तिथे आधी घेतलेल्या गेमचं आपोआप डाऊनलोड बंद ठेवणं शहाणपणाचं.

समीक्षा कधी प्रसिद्ध होणार, यावरून बरंच कळतं. गेमच्या दोन-तीन दिवस आधी समीक्षा येऊ देणाऱ्या कंपनीला आपल्या मालाची खात्री असते. गेम विक्रीला लागेपर्यंत समीक्षा अडवल्या असतील तर थांबावं. समीक्षा कोणत्या मशिनवरची आहे, हे दर वेळी पाहावं.

पैसे न मोजता वाट पाहण्याची उत्तम जागा म्हणजे स्टीमची विशलिस्ट. गेम आला की ईमेल येतो, आणि किती जणांनी गेम विशलिस्टमध्ये ठेवलाय, या आकड्याचा लहान चमूंना खरा उपयोग होतो. फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरच्या सुमारास भरणाऱ्या स्टीम नेक्स्ट फेस्टमध्ये आठवडाभर शेकडो डेमो फुकट खेळायला मिळतात. अर्ली ॲक्सेसचा रस्ताही आहे. ‘बाल्डर्स गेट ३’ ऑक्टोबर २०२० मध्ये अपुऱ्या अवस्थेत विक्रीला आला आणि ३ ऑगस्ट २०२३ ला पूर्ण झाला. पण कथेवर चालणारा गेम अर्धा खेळून ठेवला की पूर्ण झाल्यावर पहिला भाग शिळा लागतो. अशा गेमसाठी कळ काढावी.

घोडामैदान जवळ आल्यावर

प्रीलोड, म्हणजे गेम येण्याआधीच डाऊनलोड करून ठेवायची सोय, सुरू झाला की लगेच उतरवून घ्या. हिशेब सोपा आहे: जीबीला आठने गुणलं की गिगाबिट. १०० जीबीचा गेम म्हणजे ८०० गिगाबिट. ५० एमबीपीएसच्या (सेकंदाला ५० मेगाबिटच्या) जोडणीवर १६,००० सेकंद, जवळजवळ साडेचार तास. प्रत्यक्षात त्याहून थोडा जास्तच वेळ धरावा. पीसीवर प्रीलोड कुलूपबंद असतो, वेळ झाली की उलगडतो, आणि त्याला तात्पुरती जादा जागा लागते. डिस्क काठोकाठ भरलेली असेल तर सगळं उतरूनही गेम उघडत नाही. निन्टेन्डोच्या स्विच २ च्या गेमच्या काही डब्यांवर ‘गेम-की कार्ड’ असं लिहिलेलं असतं. त्या कार्डात गेम नसतो, तो डाऊनलोडच करावा लागतो, आणि त्या मशिनला जुनी मायक्रोएसडी चालत नाही, एक्स्प्रेस प्रकारचीच लागते.

पीसीवर गेम पहिल्यांदा उघडला की ‘शेडर तयार होत आहेत’ अशी पट्टी दिसते. ती पूर्ण होऊ द्या. प्रकाश आणि पृष्ठभाग रंगवणारे हे छोटे प्रोग्राम आपल्याच कार्डासाठी, आपल्याच ड्रायव्हरप्रमाणे (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामप्रमाणे) जुळवावे लागतात. आधी जुळवले नाहीत तर ऐन लढाईत पहिला स्फोट होताना जुळवले जातात आणि चित्र अडखळतं. ड्रायव्हर बदलला की हे काम पुन्हा होतं, म्हणून नवा ड्रायव्हर आदल्या दिवशीच घालून ठेवावा. ही पट्टी भरतानाचा वेळही स्टीमच्या दोन तासांत मोजला जातो. जुन्या प्रोसेसरवर तिथेच अर्धा तास जाऊ शकतो. परताव्याचा विचार मनात असेल तर उरलेल्या वेळात सुरुवातीची लांबलचक दृश्यं पुढे सरकवा आणि गर्दीच्या ठिकाणी, बाजारात किंवा मोठ्या लढाईत पोचून तिथे फ्रेम किती मिळतात ते बघा.